परभणीतलं एकमेव विमानतळ

बायकांनी काय जमवावं याची एक यादी आपल्याकडे ठरलेलीच असते. साड्या जमवाव्यात, स्टीलचे डबे जमवावेत, फार तर रांगोळीची पुस्तकं आणि पेपरातल्या पाककृतींची कात्रणं. तऱ्हेतऱ्हेचे गणपती जमवले तर कौतुकही होतं. प्लॅस्टिकची जुनी विमानं मात्र या यादीत कुठंच बसत नाहीत. त्यामुळे आमच्या घरी पहिल्यांदा येणारी बाई पुढच्या खोलीतल्या शोकेसपाशी थबकते आणि तिचा प्रश्नही ठरलेला असतो, "मुलगा पायलट आहे का हो तुमचा?"

नाही. मुलगा बी.कॉम. करतो आहे आणि विमानं माझी आहेत!

चार कप्प्यांत मिळून ६३ विमानं आहेत. सगळी खेळण्यातली, वापरलेली, कुणाच्या तरी घरातून बाहेर पडलेली. बहुतेक १९७० ते १९९५ या काळातली. परभणीला विमानतळ नाही, ते आमच्या शोकेसमध्ये आहे, असं आमचे 'हे' पाहुण्यांना सांगतात. सुरुवातीला चेष्टेनं सांगायचे, आता जरा अभिमानानं सांगतात असं मला वाटतं. सासूबाईंचं मत वेगळं आहे. "त्या जागेत पितळी भांडी किती छान दिसली असती," हे त्या महिन्यातून एकदा तरी ऐकवतात.

ही विमानं आपल्याकडे कुठून आली हे परभणीकर मैत्रिणींना सांगायला नको. दरवर्षी २ फेब्रुवारीला सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस सुरू होतो. हिंदू काय, मुसलमान काय, सगळेच जातात. खेड्यातले पाहुणे खास उरुसासाठी मुक्कामाला येतात आणि घरातल्या पोरांची चंगळ होते. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८५ ते ९२ च्या सुमारास, खेळण्यांच्या दुकानांत विमानं वरच्या बांबूला दोरीनं टांगलेली असायची. वारा सुटला की सगळी एकदम एका दिशेला तोंड करायची. मी खाली उभी राहून ते बघत बसायची.

बघतच बसायची, कारण विमान भावाला मिळायचं. मला भातुकली. तीसुद्धा प्लॅस्टिकचीच, गुलाबी गॅसची शेगडी आणि त्यावर न मावणारं पातेलं. विमान मागितलं की उत्तर मिळायचं, "पोरीच्या जातीनं कशाला घर्र घर्र करत फिरायचं?" घरातल्या माणसांना मी दोष देत नाही. सगळ्याच घरांत तसं होतं. तुमच्याही घरात असणार, आठवून बघा.

त्या विमानांचे प्रकार तरी किती! सगळ्यात स्वस्त असायचं ते पोकळ, फुंकलेल्या मऊ प्लॅस्टिकचं. ते आपटलं तरी फुटायचं नाही, नुसतं चेमटायचं. मधून दाबून पुन्हा फुगवलं की झालं. त्याच्यावर असायचं कडक प्लॅस्टिकचं, दोन शिंपले जोडावेत तसं दोन भाग जोडून केलेलं. दिसायला देखणं, चकचकीत, पण एकदा हातातून पडलं की शेपूट गेलंच. त्यातच घासून पळवायचं विमान यायचं. त्याच्या पोटात एक जड चकती आणि दोन-तीन दातेरी चाकं असतात. जमिनीवर दोन-तीनदा जोरानं पुढे घासलं की चकती गरगर फिरायला लागते, आणि सोडून दिलं की तिच्यातला जोर चाकांना मिळून विमान पलंगाखाली पळतं. काहींच्या पोटात चकमकीचा बारीक तुकडा असायचा. तो खरखरीत चाकाला घासला की लाल पारदर्शक खिडकीतून ठिणग्या दिसायच्या. ठिणग्यांचं विमान ज्याच्याकडे, तो त्या उन्हाळ्यात गल्लीचा राजा. आणि दोरी ओढली की नुसता पंखाच उडून जाणारं हेलिकॉप्टर! त्याचा पंखा पहिल्याच दिवशी शेजारच्या पत्र्यावर जायचा, म्हणून माझ्याकडच्या पाच हेलिकॉप्टरांपैकी एकालाच मूळचा पंखा आहे.

ही विमानं बनवली कुणी? बहुतेकांवर नाव-गाव काहीही नाही. फार तर पोटावर 'मेड इन इंडिया' अशी उठावाची अक्षरं, नाहीतर एखादा त्रिकोण, एखादा आकडा. आपल्या देशात पॉलिस्टायरीन हे कडक प्लॅस्टिक १९५७ पासून तयार व्हायला लागलं आणि पुढे पत्र्याच्या खेळण्यांची जागा प्लॅस्टिकनं घेतली. लहान लहान कारखान्यांतून माल निघायचा, तो ठोक बाजारातून पोत्यांत भरून उरुसा-जत्रांना यायचा. खोका नाही, कागद नाही, कारखान्याचं नाव नाही.

इंग्लंडमध्ये एअरफिक्स कंपनीनं १९५० च्या दशकात स्पिटफायर या लढाऊ विमानाचा सुट्या भागांचा संच काढला. तिथे आज अशा जुन्या खेळण्यांचे संग्राहक आहेत, त्यांच्या सूची छापलेल्या आहेत, आणि खोका न उघडलेला असेल तर किंमत कितीतरी वाढते. आपल्याकडे खोकाच नव्हता तर न उघडलेला कुठून येणार? आपलं खेळणं दुकानातून निघालं की घरी पोचेपर्यंतच अर्धं खेळून झालेलं असायचं. म्हणून परदेशी संग्राहकांचे नियम मी बाजूला ठेवलेत. माझ्याकडे पंख मोडलेलं, चाक गेलेलं, पोरानं बॉलपेननं नाव कोरलेलं, सगळं चालतं. कोरलेलं नाव असेल तर मला जास्तच आवडतं.

संग्रह सुरू झाला तो भंगारच्या दुकानात. बचत गटांच्या कामासाठी मी जिल्ह्यात फिरते. कधी मानवत, कधी सेलू, कधी गंगाखेड. एका गावात गटातल्या तीन बायका भंगार निवडायच्या कामाला जायच्या. त्यांच्या मजुरीचं बोलायला मी दुकानात गेले, आणि तिथंच मला प्लॅस्टिकचं खरं शिक्षण मिळालं. कॉलेजात मी इतिहास आणि मराठी शिकले, प्लॅस्टिक मला त्या बायकांनी शिकवलं. वस्तू फरशीवर टाकून नुसत्या आवाजावरून त्या सांगतात की हे कुठल्या ढिगाऱ्यात जाणार. कडक प्लॅस्टिक पत्र्यासारखं खणकन वाजतं, मऊ नुसतं थप्प करतं. शंका आलीच तर कडेला जरा जाळून वास घेतात. तो धूर चांगला नाही, हे मी त्यांना प्रत्येक भेटीत सांगते आणि त्या प्रत्येक भेटीत हसतात. "ताई, वास घेटल्याबिगर भाव कसा कळंल?"

त्या दिवशी कडक प्लॅस्टिकच्या ढिगात एक निळं-पांढरं विमान पडलं होतं. एक पंख नव्हता. मी ते उचललं, पुसलं, जमिनीवर घासलं. त्यानं घर्र केलं! चाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई भंगारच्या दुकानात उकिडवी बसून विमान पळवतेय म्हटल्यावर सगळ्या जमल्या. त्यातली एक म्हणाली, "न्या की ताई, त्याचं काय वजन भरायलंय?" मी दहा रुपये दिले. पुढच्या महिन्यात गेले तर त्यांनी माझ्यासाठी पिशवीत चार विमानं बाजूला काढून ठेवली होती. ६३ मधली ४० तरी या बायकांच्या नजरेनं सापडलेली आहेत. म्हणून संग्रह माझा म्हणताना जरा अडखळायला होतं.

आता माझी आवडती. एक जम्बो आहे, पुढच्या बाजूला वर कुबड असलेलं, खिडक्यांभोवती लाल महिरपी काढलेलं. एअर इंडियाचं पहिलं जम्बो 'एम्परर अशोक' १९७१ मध्ये आलं आणि त्याच्या खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांसारखी लाल नक्षी होती. खेळणी करणाऱ्यांनी ती उचलली. माझ्या जम्बोवर ती जरा तिरकी छापली गेलीय, त्यामुळे निम्मे झरोके भलत्याच ठिकाणी आलेत. आम्ही पोरं तर आकाशातल्या प्रत्येक विमानाला जम्बोच म्हणायचो. कापसाच्या रानात वेचणी चाललेली असायची, वर पांढरी रेघ उमटायची आणि सगळी पोरं माना वर करून ओरडायची. २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचं खरंखुरं जम्बो मुंबईहून कायमचं गेलं, अमेरिकेत विकलं गेलं. उडताना त्यानं पंख हलवून निरोप घेतला. ती बातमी मी टीव्हीवर बघितली आणि शोकेसमधलं तिरक्या झरोक्यांचं जम्बो उगाचच काढून पुसलं.

दुसरं आवडतं आहे साधं पांढरं, दोन पंख्यांचं. त्याच्याशी माझी एक गोष्ट जोडली गेलीय, ती खेळण्यातली नाही. आपला परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि नंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच. त्या हैदराबादेत डेक्कन एअरवेज नावाची विमान कंपनी होती. प्रेम माथुर या बाईंनी १९४७ मध्ये विमान चालवण्याचा व्यावसायिक परवाना मिळवला, पण कंपन्या त्यांना बाई म्हणून कामावर घेईनात. घेतलं ते या डेक्कन एअरवेजनं. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली! म्हणजे आपल्या आज्या ज्या राज्यात राहत होत्या, त्याच राज्याच्या विमान कंपनीत एक बाई विमान चालवत होती. आपल्या आज्यांना हे कुणी सांगितलं नाही, आणि आपल्याला शाळेतही नाही.

नंतर आपल्या मराठी सौदामिनी देशमुख. इंडियन एअरलाइन्सच्या या कॅप्टननं १९८५ मध्ये कोलकाता ते सिल्चर असं विमान नेलं, त्यात वैमानिकांपासून सगळा चमू बायकांचा होता. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत निवेदिता भसीन होत्या. ते विमान होतं फोकर फ्रेंडशिप, दोन पंख्यांचं. १९८५! म्हणजे उरुसात मला गुलाबी शेगडी मिळत होती, त्याच काळात. आज आपल्या देशात बायका वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीहून खूप जास्त आहे, हे मी गटाच्या बैठकीत सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. मग मी पिशवीतून ते पांढरं विमान काढून दाखवलं. विश्वास बसला की नाही माहीत नाही, पण विमान सगळ्यांनी हातात घेतलं आणि एकीनं गुपचूप सतरंजीवर घासूनही बघितलं.

संग्रहाबद्दल एक गोष्ट मला खटकते, ती इथे सांगूनच टाकते. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय तुम्ही सहलीत पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी १९२० च्या दशकापासून साध्या घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, खेळणी, बाहुल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. या सगळ्यात पत्नी कमलाबाईंची साथ होती. पुण्याच्याच विलास करंदीकरांनी भातुकलीचा मोठा संग्रह केला, भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय १९९८ मध्ये उघडलं. ही सगळी मोठी कामं आहेत, माझी त्यांच्याशी तुलना नाही. पण अडकित्ते, भांडी, भातुकली, या वस्तू कुणाच्या हातातल्या? बायकांच्याच ना! पिढ्यान् पिढ्या त्या ट्रंकेत, माळ्यावर, पोटमाळ्यावर जपल्या कुणी? आणि तरी पुरुषानं जमवलं की संग्रह, बाईनं जमवलं की अडगळ. "दिवाळीला काढून टाक बरं ती अडगळ," हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. मी ते ऐकते आणि दिवाळीला सगळी विमानं एकेक करून धुते.

धुण्याचं आलंच आहे तर सांगते, कारण उत्साहाच्या भरात स्वच्छ करायला जाऊन जुनं खेळणं खराब होतं. कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश, एवढंच पुरे. पोटात चकती असलेलं विमान पाण्यात बुडवायचं नाही, गंज चढतो. नेलपॉलिश काढायचं पाणी, थिनर, स्पिरिट यांना तर हातही लावू नका. कडक प्लॅस्टिकवर डाग पडतो, कधी ते विरघळतंच. उन्हात वाळवू नये, पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि गेलेला रंग परत येत नाही. बॅटरीचं असेल तर सेल आधी काढा. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, जुन्या सुती साडीचा तुकडा सगळ्यात चांगला. मोडलेला पंख फेव्हिक्विकनं चिकटवला तर भोवती पांढरट धूर बसल्यासारखा डाग येतो. दोन ट्यूबांतलं मिसळून लावायचं अराल्डाइट घ्या आणि रात्रभर हलवू नका. आणि हो, ही जुनी खेळणी तोंडात घालणाऱ्या लहान बाळांच्या हाती देऊ नका. त्या काळी रंगात काय असेल ते कुणी तपासत नव्हतं. आता १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे, बाळासाठी घेताना ते बघूनच घ्या.

जुनी विमानं आता मिळणं अवघडच होत चाललंय. १९८७ मध्ये फनस्कूल कंपनी सुरू झाली, गोव्यात तिचा कारखाना निघाला आणि खोक्यातली, नाववाली खेळणी शहरांत दिसायला लागली. २००१ मध्ये आयातीवरची बंधनं उठली आणि चिनी मालानं जत्रा भरून गेल्या. उरलेलं जुनं प्लॅस्टिक भंगारात जातं, त्याचे दाणे होतात आणि दाण्यांच्या बादल्या. कापडी पिशव्या शिवणारी मी, प्लॅस्टिक वाचवत फिरते याची मैत्रिणी चेष्टा करतात. करू देत. कचरा कोणता आणि आठवण कोणती एवढं आपल्याला कळतं की.

मागच्या वर्षी जिंतूर तालुक्यातल्या एका गावात बैठक होती. माझ्या विमानांची बातमी तिथवर पोचलेली. बैठक संपल्यावर गटातली एक तिशीची बाई मागे थांबली. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला, दोन एकर कोरडवाहू, घरात सासू आणि दुसरीतली एक मुलगी. तिनं मला घरी नेलं, ट्रंक उघडली आणि लुगड्याच्या घडीतून एक लाल विमान काढलं. नवऱ्याचं, लहानपणचं. त्याला उरुसात त्याच्या आजोबांनी घेऊन दिलेलं. पंख तुटून वेगळा झालेला, पण जपून ठेवलेला.

"किती जुनं असंल ताई?"

मी बघितलं. चाकांची ठेवण, पोटावरचा आकडा, माझ्याकडे याच साच्यातलं एक पिवळं आहे. "पस्तीस वर्षं तरी असेल," मी म्हणाले.

सासूबाई दारात बसल्या होत्या. "नातू झाला असता तर त्यालाच द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. कुणी काही बोललं नाही. मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून विमानाकडे बघत होती, तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

मी ते विकत मागितलं नाही, मागावंसंही वाटलं नाही. पंख बसवून आणून देते म्हणाले. आईनं क्षणभर विचार केला आणि विमान सुती फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "ताई, घट बसवा बरं का. हिला खेळायला द्यायचंय."

सासूबाईंनी मान वळवली, पण नाही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या बैठकीला मी विमान परत नेलं. पंख घट्ट बसला होता. पोरीनं ते अंगणातल्या शहाबादी फरशीवर घासलं, एकदा, दोनदा, आणि सोडलं. ते थोडं पळालं आणि डावीकडे वळून चुलीपाशी थांबलं. आतलं एक दातेरी चाक झिजलंय. त्या मापाचं चाक मी शोधतेय. घरातली मोडकी विमानं उघडून झाली, मानवतच्या भंगारवाल्यालाही सांगून ठेवलंय. तुमच्या माळ्यावर एखादं चाक अडकलेलं, घर्र न करणारं विमान पडलं असेल तर टाकून देऊ नका, आधी त्याचं पोट उघडून बघा. तीस दात्यांचं, पांढरं, एक रुपयाच्या नाण्याहून थोडं लहान असं ते चाक आहे.